शुभांगीचा कडता

जाड पोरगी ही गावाची सार्वजनिक मालमत्ता असते. तिच्याबद्दल बोलायला कुणाची परवानगी लागत नाही. एसटीत बसली की शेजारचा सरकतो, आणि सरकताना काहीतरी बोलतो. लग्नात जेवायला बसली की वाढणारा एकतर हात आखडतो नाहीतर मुद्दाम दुप्पट वाढतो, आणि दोन्ही वेळा पंगत हसते. हसणाऱ्यांची स्वतःची पोटं शर्टाच्या गुंड्या तोडून बाहेर आलेली असतात. पण पुरुषाचं पोट म्हणजे खातंपितं घर, आणि पोरीचं अंग म्हणजे गावाची चिंता.

घोडेगावच्या शुभांगी साळवेनं हे शाळेपासून ऐकलं होतं, आणि ऐकता ऐकता ती बी.कॉम. झाली होती. गाव जनावरांच्या बाजाराचं. इथली माणसं म्हशीच्या अंगावरून एकदा नजर फिरवून ती किती दूध देईल ते सांगतात. बाजार उठला तरी ती नजर ते घरी ठेवून येत नाहीत, हीच सगळी पंचाईत.

चोविसाव्या वर्षी तिनं वजन उतरवायचं ठरवलं. स्थळासाठी नाही. स्थळं बघणाऱ्यांना तिनं केव्हाच सांगून ठेवलं होतं की पोराचं वजन आधी कळवा. कारण साधं होतं. घराच्या दोन पायऱ्या चढली की दम लागायला लागला होता, आणि तिच्या आत्याला ज्या वयात शुगर लागली ते वय काही फार लांब नव्हतं.

मोबाईलवर तिला पुण्याच्या एका कंपनीचा ऑनलाइन कार्यक्रम सापडला. नाव ‘हलके होऊया’. अठरा ते पंचवीस वयाच्या पोरापोरींसाठी. सकाळी मोबाईलसमोर व्यायाम, दिवसभर काय खाल्लं ते ॲपमध्ये टाकायचं, आठवड्याला वजन कळवायचं, आणि प्रत्येक जिल्ह्याचा एक व्हॉट्सॲप ग्रुप. फक्त सुरुवातीला काट्यावरच्या आकड्याचा फोटो लागत होता.

त्यासाठी ती मेडिकलमध्ये गेली. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी. ती काट्यावर चढायला लागली तसा दुकानदार म्हणाला, “जपून गं बाई, काटा अजून वॉरंटीत हाय.”

चौघं हसली. शुभांगी शांतपणे चढली, ब्याण्णवचा फोटो काढला, उतरली, आणि दारात वळून म्हणाली, “काटा दुरुस्तीला देशील तवा तुझं डोकं बी दे. त्याची वॉरंटी कवाच संपली.”

उत्तर दिलं खरं, पण त्या मेडिकलची पायरी ती पुन्हा चढली नाही. बोलून मोकळी झालेली माणसं घरी येऊन रडत नाहीत असं कुणी समजू नये.

मग दर आठवड्याचं वजन करायचं कुठं? तिचा बाप भीमराज हा एका शेठच्या कांद्याच्या वखारीत मापाडी होता. गोण्या काट्यावर आल्या की वजन वाचायचं आणि मोठ्यानं ओरडायचं, हे त्याचं काम. आवाज असा की पत्र्याच्या शेडला पुरून हायवेपर्यंत जायचा. तो म्हणाला, “आपल्याकडं एवढा मोठा काटा असताना दुसऱ्याच्या दारात कशाला जातीस? सकाळी लवकर ये. हमाल यायच्या आत उरकू.”

ती गेली. लोखंडी काटा, मागं खांबावर लाल आकड्यांची पेटी. शुभांगी पेटीकडं पाठ करून उभी राहिली. मेडिकलमधला तो ब्याण्णव अजून डोळ्यांत रुतून बसला होता, नवा आकडा बघायची तिची छाती होईना. म्हणाली, “आबा, तुमीच वाचा.”

भीमराजनं मान वर केली आणि सवयीनं ओरडला, “अठ्ठ्याऐंशीऽऽ!”

“हळू ओरडा की! कांदा हाय का मी?”

पण आतून ती उडालीच. पहिल्याच आठवड्यात चार किलो! तिनं तो आकडा ग्रुपवर टाकला, आणि जिल्ह्याचा ग्रुप खडबडून जागा झाला. पुण्याच्या कोच केतकी मॅडमनी तिचा व्हिडिओ मागवून घेतला आणि सगळ्या जिल्ह्यांना पाठवला. ‘बघा, घोडेगावच्या शुभांगीला जमतं, मग तुम्हाला का नाही?’

तिथून शुभांगीची ताई झाली, आणि जिल्ह्याच्या ग्रुपची ॲडमिनही.

केतकी मॅडमचे व्हिडिओ देखणे असायचे. मागं कुंडीतलं झाड, हातात हिरवं काहीतरी भरलेला ग्लास. पण ते बघून पाथर्डीचा पोरगा अंथरुणातून उठत नव्हता. त्याला उठवायचा शुभांगीचा सकाळचा व्हॉइस मेसेज.

“उठा रं पैलवानांनो! उठा गं बायांनो! पारनेरचा ओम, तुझं घोरणं घोडेगावपत्तुर ऐकू येतंय. ऊठ. काल पाच घरी गेलास, पाच कप गोड चहा ढोसलास, अन् मला इचारतो, ताई, वजन का हलंना. चहाला न्हाई म्हनायला शीक. पाहुणा रुसला तर मला फोन दे, मी बोलते त्याच्याशी.”

ओमनं खरंच एकदा फोन दिला. पलीकडून त्याचा मामा गुरगुरला, “कोण बोलतंय?”

“मी त्याची वजनातली ताई. मामा, त्याला बिनसाखरेचा चहा द्या. जमत नसलं तर पाणी द्या, पण रुसू नका. भाचा तुमचाच हाय, जरा टिकू द्या की.”

मामा हसला. आणि पुढच्या आठवड्यात त्यानं विचारलं म्हणे, “आमच्या वयाच्या माणसांचा ग्रुप न्हाई का?”

ॲपमध्ये नाश्त्याला ओट्स होते, हुलग्याचं शेंगोळं नव्हतं. शुभांगीनं ग्रुपला सांगितलं, “शेंगोळं खा, भाकरी खा. दोनाची दीड करा. ठेचा खा, पर त्याच्यासाठी तिसरी भाकरी मागू नका.” पोरींना रस्त्यावर चालायला निघालं की कुठं चालली, कुणाला भेटाया चालली, असली विचारपूस व्हायची. तिनं सांगितलं, गच्चीवर चाला, गोठ्याभोवती चाला, आईच्या नावानं दळण आणायला जा आणि लांबच्या गिरणीत जा. शंभरावर पोरंपोरी तिच्या आवाजावर हलायला लागली. एकानंही तिला कधी पाहिलेलं नव्हतं आणि सगळे तिचं ऐकत होते. गावात जिच्यासाठी कुणी बाकावर जागा करत नव्हतं, तिच्या शब्दावर अख्खा जिल्हा पहाटे उठत होता. तिनं मान वर करून चालायला सुरुवात केली, आणि का करू नये?

तीन महिने असे गेले. दर आठवड्याला ती काट्याकडं पाठ करून उभी राहायची आणि भीमराज ओरडायचा. आकडा उतरत उतरत ब्याऐंशीवर आला. दहा किलो! कंपनीनं तिचा फोटो लावून पोस्टर काढलं. रविवारी कार्यक्रमाचं लाइव्ह होतं, त्यात सगळ्या जिल्ह्यांसमोर ती बोलणार होती. भीमराजनं ते पोस्टर मोबाईलवर वखारीतल्या प्रत्येक हमालाला दाखवलं. अजिनाथ हमालाला तर तीनदा.

आणि लाइव्हच्या दोन दिवस आधी पारनेर तालुक्यातून विमलबाईंचा फोन आला. त्यांची सृष्टी ग्रुपमध्ये होती. एकोणीस वर्षांची, कमी बोलणारी पोर. घरच्या कांदे साठवायच्या चाळीच्या कडेनं रोज चालायची.

“तूच का ती ताई?” विमलबाईंनी थेट विचारलं. “माझी पोरगी चाळीपशी चक्कर येऊन पडली. सलाईन लावून आणलंय. धा दिस झालं, नुसती काकडी अन् पाणी. इचारलं तर म्हन्ती, ताईचं पहिल्या आठवड्यात चार उतरलं, माझं एकच. माझ्यातच खोट हाय. काय शिकवतीस गं तू लेकरान्ला?”

शुभांगी घाईनं म्हणाली, “मावशी, मी कवाच उपाशी राहा म्हनले न्हाई. तिला द्या फोन.”

सृष्टी आली. आवाज पार खोल गेलेला. “ताई, खरं सांगा. तुम्ही पण खात नव्हता ना? आम्हाला सांगत नाही एवढंच.”

“अगं, रोज दीड भाकरी खाते. माझ्या आईला इचार.”

“मग चार कसे उतरले?”

शुभांगी म्हणाली, “थांब. उद्या सकाळी व्हिडिओ कॉल करते. तुझ्या म्होरं भाकर खाते, अन् तुझ्या म्होरं काट्यावर उभी राहते. मग तर खाशील?”

“खाईन,” सृष्टी म्हणाली.

सकाळी वखारीत शुभांगी भाकरी घेऊनच गेली. कॉल लावला. अर्धी भाकरी सृष्टीला दाखवून खाल्ली. मग काट्यावर चढली आणि आकडा दाखवायचा म्हणून, त्या वखारीत पहिल्यांदाच, पेटीकडं तोंड करून वळली.

पेटीवर लाल आकडे होते. चौऱ्याऐंशी.

आणि त्याच क्षणी मागून भीमराज ओरडला, “ब्याऐंशीऽऽ!”

मोबाईलचा कॅमेरा अजून तिच्या तोंडाकडंच होता. “ताई, दिसत नाही. किती?” सृष्टी विचारत होती. शुभांगीच्या अंगठ्यानं कॉल कट केला. तिनं नाही, अंगठ्यानं. मग मेसेज टाकला, ‘रेंज गेली.’ तीन महिन्यांत ती ग्रुपशी पहिल्यांदा खोटं बोलली, आणि तेही भाकरीच्या घासाची चव तोंडात असताना.

“आबा, पेटीवर किती दिसतंय?”

“ब्याऐंशी.”

“नीट बघा.”

भीमराजनं डोळे बारीक केले. “चौऱ्याऐंशी. मंग कडता जाऊन ब्याऐंशीच की.”

“कसला कडता?”

“कसला म्हंजी? गोणीचा अन् मातीचा. दोन किलो.” आणि ते म्हणता म्हणता त्याचा चेहरा उतरला.

गोणीचं स्वतःचं वजन, कांद्याला चिकटलेली माती, असं धरून शेतकऱ्याच्या मालातून जे वजा करतात तो कडता. तीस वर्षं भीमराज हेच करत आला. पेटीवर काय दिसतं ते त्याला दिसतच नव्हतं. डोळ्यात चौऱ्याऐंशी शिरायचे आणि तोंडातून ब्याऐंशी निघायचे. पोटच्या पोरीचा कडता काढला, तीन महिने, दर आठवड्याला, आणि त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. सुरुवातीचा ब्याण्णव मेडिकलच्या काट्यावरचा, पुढचे सगळे आबांच्या तोंडचे. पहिल्या आठवड्यात चार नव्हतेच. दोन होते.

अजिनाथ हमाल तेवढ्यात आला होता. त्याला आधी हसू फुटलं. “भीमराजदादा, पोरीला बारदानात घातलं का काय!” मग दोघांची तोंडं बघून तो गोण्यांकडं निघून गेला.

“आबा,” शुभांगी म्हणाली, “तिथं एक पोरगी काकडीवर पडलीया. त्या दोन किलोपायी.”

भीमराज काट्याच्या कडेवर बसला. “माझ्यामुळं झालं.”

“तुमी सवयीनं ओरडला. मी वळून बघायला पायजे हुतं. मला माझंच वजन बघायची लाज वाटत हुती. लाजंचा घोळ हाय हा, कडत्याचा न्हाई.”

तिनं केतकी मॅडमला फोन लावला आणि सगळं सांगितलं. मॅडम हसल्या. “अगं, दोनच किलोंचा फरक आहे ना? आठ किलोसुद्धा छानच आहेत.”

“मग आठच सांगते लाइव्हला.”

“आता नको शुभांगी. पोस्टर सगळीकडे गेलंय. तुझ्या पहिल्या आठवड्याच्या व्हिडिओवर किती मुलं आलीयेत माहितेय? लोक आकड्यावर येतात गं, ते माझ्या हातात नाहीये. असं कर, कॅमेरा काट्याकडे नेऊच नकोस. वडिलांना ओरडू दे. ते खूप छान वाटतं, अगदी मातीतलं. तू काहीच खोटं बोलत नाहीयेस. आकडा ते सांगतायत.”

“अन् सृष्टी?”

“तिच्याशी मी बोलते. वैयक्तिक मार्गदर्शन देऊ तिला.”

बाई वाईट नव्हती. वाईट माणसाला नाही म्हणणं सोपं असतं. ही गोड आवाजात सोयीचं बोलत होती, आणि त्या सोयीत शुभांगीचं नाव, मान, वखारीत मोबाईल दाखवत फिरणारा बाप, सगळं सुखरूप राहत होतं. एक पोर तेवढी काकडी चावत राहिली असती. आणि तिच्यासारख्या आणखी किती, कुणाला ठाऊक? फोन तर एकाच आईनं केला होता.

घरी तिची आई चांगुणा भाकऱ्या थापत होती. सगळं ऐकून तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, “सांगशील तर तोंड दाखवायला जागा राहणार न्हाई म्हनतीस? अगं, तोंड तर तुझं आजवर लपलंय कुठं? लपलं व्हतं ते वजन.”

रविवारी लाइव्ह सुरू झालं. शुभांगी वखारीतच उभी होती, मोबाईल गोण्यांच्या थप्पीवर टेकवलेला. केतकी मॅडम पडद्यावर आल्या, ‘आता भेटूया आपल्या दहा किलोच्या रणरागिणीला’, म्हणाल्या. मागं भीमराज धुतलेला सदरा घालून उभा. त्याला कुणी ओरडायला सांगितलं नव्हतं, आणि तो ओरडणारही नव्हता.

शुभांगीनं मोबाईल उचलला, कॅमेरा पेटीकडं फिरवला आणि काट्यावर चढली.

“मी शुभांगी भीमराज साळवे, घोडेगाव. हा आकडा वाचा. चौऱ्याऐंशी. पोस्टरवर दहा किलो लिवलंय, ते खोटं हाय. माझं आठ उतरलंय. माझे आबा मापाडी हायेत. सवयीनं गोणीचा कडता काढला त्यांनी, अन् मी लाजून कवा काट्याकडं बघितलं न्हाई. पहिल्या आठवड्यात चार न्हाई, दोन उतरले. पहिल्या आठवड्यात दोन म्हंजी लई झालं. एक उतरला तरी लई झालं. काहीच न्हाई उतरला तरी दुसऱ्या दिवशी उठायचं. माझ्या आकड्यापायी कुनी उपाशी राहिलं असंल तर आत्ता उठा, चुलीपशी जा अन् जेवा. उपाशी पडायला न्हाई जमलो आपन. मेडिकलवाला हसला, एसटीतला हसला, आता आपनच आपल्याला हानायचं का? सृष्टी, काल रेंज गेली न्हवती. मी घाबरले हुते. मी आठ किलोची ताई हाय. पायजे असंल तर ऱ्हा, न्हाई तर…”

आवाज बंद झाला. पडद्यावर केतकी मॅडम हसत होत्या, ‘घोडेगावच्या नेटवर्कची काही अडचण दिसतेय’, म्हणत होत्या.

त्या दिवशी मात्र घोडेगावात रेंज भरपूर होती. शुभांगीनं ते सगळं बोलणं जसंच्या तसं व्हॉइस मेसेजमध्ये पुन्हा बोलून ग्रुपवर टाकलं. पाच मिनिटांत तिचं ॲडमिनपद गेलं, मग तिलाच ग्रुपमधून काढलं. कंपनीच्या पोस्टरवरून तिचा फोटो संध्याकाळच्या आत उतरला. तीन महिन्यांत बांधलेलं एका दुपारी गेलं.

ती वखारीच्या पायरीवर बसली. भीमराज शेजारी येऊन बसला. हमाल जेवून परत येत होते. अजिनाथनं विचारलं, “दादा, मग किती किलो झालं शेवटी?”

भीमराज उभा राहिला. आधीचे आकडे तो खांबाकडं बघून ओरडायचा, या वेळी माणसांकडं बघून बोलला. “आठ. अन् कडता न्हाई. माझी पोरगी भरल्या वजनाची हाय.” बोलताना त्याची मान ताठ होती.

मोबाईल वाजायला लागला. आधी ग्रुपमधल्या दोघांनी शिव्या घातल्या, फसवलंस म्हणाले. त्या तिनं ऐकून घेतल्या, उलट बोलली नाही. मग ओमचा मेसेज आला. ‘ताई, मी पण दोन आठवडे खोटे आकडे टाकले. तुमच्यापुढं कमी दिसायला नको म्हणून.’ मग शेवगावच्या एकीचा. ‘मी पण.’ मग राहुरीच्या एकाचा. खोट्याचा ढीगच निघाला. कोण उतरलेलं वजन अर्धा किलो वाढवून सांगत होता, कोण रात्री जेवत नव्हता. ओमनं नवा ग्रुप केला आणि तिला न विचारता ॲडमिन करून टाकलं. शंभरातले साठ-सत्तर संध्याकाळपर्यंत आत आले. आठवड्याला आकडा टाकायचा नाही, असं त्यांनीच ठरवलं. काय खाल्लं आणि किती चाललो, एवढंच सांगायचं.

सृष्टी मात्र त्यात नव्हती.

शुभांगी दर थोड्या वेळानं नावं वरपासून खालपर्यंत बघत होती. बाकीचे आले त्याचा आनंद तिच्या घशाखाली उतरत नव्हता. दिवे लागले तेव्हा विमलबाईंच्या नंबरवरून फोन आला. शिव्या खायची तयारी ठेवूनच तिनं तो उचलला.

पलीकडून आधी भांड्यांचा आवाज आला. मग विमलबाई कुणावर तरी खेकसल्या, “अगं हळू, ठसका लागंल!”

मग सृष्टी बोलली, तोंडात घास तसाच. “ताई, पिठलं-भाकरी. दुसरी चालू आहे.”

“दीडच!” शुभांगी ओरडली. आवाज असा निघाला की हायवेवरचा माणूस वळून बघेल. भीमराज हसायला लागला.

“आजच्या दिवस दोन,” सृष्टी म्हणाली. “उद्यापासून दीड. सहाला उठवा.”